नवरा-बायकोचे भांडण सोडवायलाही शिक्षण लागते

केडगाव, चौफुला, वरवंड, पाटस या पट्ट्यात नवरा-बायकोचे बिनसले की प्रकरण आधी नातेवाइकांत जाते आणि मग वस्तीतल्या चार मोठ्या माणसांपुढे येते. समाजमंदिरात नाहीतर कुणाच्या ओट्यावर बैठक बसते. मुलीकडचे एका अंगाला, मुलाकडचे दुसऱ्या अंगाला. "नांदणार आहेस का नाही, तेवढं सांग," असे मुलीला विचारतात. ती मान खाली घालून हो म्हणते, चहा होतो, माणसे उठतात. दिवसा कचेरीतले कागद आणि संध्याकाळी ही प्रकरणे, असा माझा दिनक्रम असल्याने अशा बैठका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांनी काही संसार सावरले, हे नाकारून चालणार नाही. पण सासऱ्यादेखत, पाच पुरुषांपुढे कोणती बाई खरे बोलेल? आणि नवरा तरी कुठे बोलतो? गुऱ्हाळावरचे काम सुटले, उचल अंगावर बसली, घरात तोंड दाखवायची लाज वाटते, हे तो भावकीपुढे कसे सांगणार? मग बोलणे राहते भाजीच्या मिठावर आणि माहेरच्या फोनवर.

हे काम शिकून करता येते, त्यासाठी पदवीनंतरचे शिक्षण असते, ही गोष्ट आपल्या घरांत अजून पोहोचलेली नाही. डॉक्टर, वकील, इंजिनियर, तहसीलदार ही नावे मुलांना पाठ आहेत. कुटुंब समुपदेशक हे नाव त्यात नसते.

अमेरिकेत या कामाला 'मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्ट' म्हणतात. कॅलिफोर्निया राज्याने १९६३ मध्ये त्यासाठी परवाना सुरू केला. आज तिथल्या सगळ्या राज्यांत परवाना लागतो. आधी पदव्युत्तर पदवी, मग जाणत्याच्या देखरेखीखाली काम. कॅलिफोर्नियात हे काम ३००० तासांचे आहे. आपल्याकडे या नावाचा स्वतंत्र परवाना नाही. त्यामुळे पाटी लावून बसणारे बरेच आहेत, आणि चार पुस्तके वाचून सल्ला देणाऱ्यांचाही तुटवडा नाही. खरा रस्ता जातो तो समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीतून, म्हणजे एम.एस.डब्ल्यू.मधून, किंवा मानसशास्त्राच्या एम.ए.मधून.

या शिक्षणाची सुरुवात मुंबईच्या नागपाड्यात झाली, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मिशनरी तिथल्या कामगार वस्तीत 'नेबरहूड हाऊस' चालवीत. त्यांच्याच पुढाकाराने १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघाले. ते मुळातच पदवीधरांसाठी होते. दुसऱ्याच वर्षी, १९३७ मध्ये, त्याने बालमार्गदर्शन केंद्र काढले. मूल बिघडले की त्याच्या घरात काय चालले आहे ते पाहायचे, ही रीत तिथे रुजली. १९४४ पासून ही संस्था टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने ओळखली जाते. आज ती देवनारला आहे. पुण्यात १९६३ पासून कर्वे समाजसेवा संस्था आहे. केडगावच्या मुलीला ती जवळची.

शिकवतात काय? दोन वर्षांत वर्गातले शिक्षण असतेच, पण कस लागतो तो प्रत्यक्ष कामात. आठवड्यातले साधारण दोन दिवस विद्यार्थी दवाखान्यात, वस्तीत, शाळेत नाहीतर एखाद्या केंद्रात जातो. घरी येऊन प्रत्येक भेटीची नोंद लिहायची: ती काय बोलली, मी काय बोललो, मधेच मी गप्प का झालो. ती नोंद मार्गदर्शकापुढे ठेवायची आणि बोलणी खायची. घराचा नकाशा काढायलाही शिकवतात. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, निदान तीन पिढ्या, आणि ज्यांचे पटत नाही त्यांच्यामध्ये नागमोडी रेघ. आजोबाची दारू नातवाच्या संसारापर्यंत कशी येते, ते एका कागदावर दिसते. आणखी एक गोष्ट शिकवतात, ती आपल्या बैठकांनी आजच उचलावी. मारहाण असेल तिथे दोघांना एकत्र बसवून तडजोड करायची घाई करायची नाही. बाईशी आधी एकटीने बोलायचे, तिचा जीव सुरक्षित आहे का ते पाहायचे, तडजोडीचे नंतर.

साल्वादोर मिनुचिन (१९२१-२०१७) हे या क्षेत्रातले जगभर मानलेले डॉक्टर. न्यूयॉर्कमधल्या गरीब घरांतल्या मुलांवर त्यांनी काम केले आणि १९६७ मध्ये झोपडपट्टीतल्या कुटुंबांवर पुस्तक लिहिले. पुढे फिलाडेल्फियात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक धाडस केले. पदवी नसलेल्या, गरीब काळ्या वस्त्यांतल्याच माणसांना त्यांनी कुटुंब समुपदेशक म्हणून तयार केले. ज्याने एका खोलीत आठ माणसांचा संसार पाहिला आहे, त्याला त्या घरातला ताण चटकन कळतो. बंगल्यातून आलेला समुपदेशक "नवरा-बायकोने रोज एकांतात बोलावे" असे सांगतो, तेव्हा आपल्या बायका पदराआड हसतात ते उगीच नाही. आपल्या वस्तीतली मुले या शिक्षणात का हवीत, याचे उत्तर यात आहे.

काम मिळते का? १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने न्यायालयात समुपदेशकाची सोय केली. समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायाधीशाचे कर्तव्य ठरवले, आणि वकील हा तिथे पक्षकाराचा हक्क राहिला नाही. (१९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे, म्हणून आपली प्रकरणेही याच वाटेने जातात.) पण दहा लाखांवर वस्ती असलेल्या शहरालाच असे न्यायालय सक्तीचे आहे. तालुक्याच्या गावाला नाही. त्याच १९८४ मध्ये टाटा संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस ठाण्याच्या आवारात, पण खाकी नसलेले माणूस बाईचे ऐकून घेते. ही कल्पना पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत गेली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने संरक्षण अधिकारी आले आणि २०१५ पासून 'सखी' केंद्रे आली. यांतल्या बऱ्याच जागा कंत्राटी आणि मानधनावरच्या आहेत, हे आधीच सांगून ठेवतो. श्रीमंत होण्याचा हा धंदा नव्हे.

केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दुष्काळात घर तुटलेल्या बायका-मुलींना इथेच आसरा मिळाला. म्हणजे निराधार बाईचा प्रश्न या गावाला नवा नाही. घर तुटायच्या आधी मदतीला धावणारे शिकलेले माणूस मात्र अजून पुण्याहून आणावे लागते.

एम.एस.डब्ल्यू.ला कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी., काहीही. प्रवेश परीक्षेची जाहिरात वेळेत पाहावी लागते. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिचा अर्ज महाडीबीटीवर भरतात. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अटींत बसणाऱ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे मिळतात. परदेशी नामांकित विद्यापीठात प्रवेश मिळाला तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा, यातच मुलांचे महिने जातात. केडगावहून पुण्याला रेल्वेने रोज ये-जा करता येते, पण वस्तीतले काम संध्याकाळपर्यंत चालते आणि नोंदी रात्री लिहाव्या लागतात. ज्यांना जमेल त्यांनी मुलीला पहिल्या वर्षी तरी वसतिगृहात ठेवावे.