पुरावा कधी गोळा करायचा? वन्यजीवांच्या डीएनएचा मागोवा

१९७२ च्या पहिल्या व्याघ्रगणनेपासून तीसेक वर्षे आपण वाघ मोजले ते पंजाच्या ठशांवरून. २००५ साली सरिस्कात कागदावर वाघ होते आणि जंगलात एकही उरला नव्हता, हे उघड झाले, आणि त्या पद्धतीवरचा विश्वास उडाला. २००६ पासून कॅमेरा ट्रॅप आले. त्याच्या थोडे आधी, २००३ मध्ये, हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील (सीसीएमबी) सुनीलकुमार वर्मा आणि लालजी सिंह यांनी मांसाच्या वा कातड्याच्या तुकड्यावरून प्राण्याची जात ओळखण्याची एक सर्वसाधारण चाचणी जगापुढे मांडली. शिजवलेले मांस हरणाचे की बकऱ्याचे, हा वाद त्यामुळे न्यायालयात साक्षीदारांच्या तोंडावर अवलंबून राहिला नाही. मोलाचेच काम, पण ते प्राणी मेल्यानंतरचे. गेल्या दोन दशकांत शास्त्र मेलेल्या प्राण्याकडून जिवंत प्राण्याकडे आणि तिथून नुसत्या पाण्याकडे सरकले. आपली प्रशासकीय सवय मात्र तिथेच थांबली. काहीतरी बिघडले की नमुना पाठवायचा, ही ती सवय.

याला महाराष्ट्रातला ठळक अपवाद विदर्भातला आहे, आणि त्याची सुरुवात वाघांच्या विष्ठेपासून होते. विष्ठेवर आतड्याच्या अस्तराच्या पेशी चिकटलेल्या असतात. त्यांतून जात, लिंग आणि नेमका कोणता प्राणी हेही कळू शकते. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रातील (एनसीबीएस) उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मध्य भारतातील वाघांच्या अशा नमुन्यांवरून दाखवले की, शेकडो किलोमीटर दूर असलेल्या अभयारण्यांतले वाघ परस्परांशी नात्याने जोडलेले आहेत. शेतांतून, खेडुतांच्या वस्तीलगतून ते ये-जा करतात, पण दाट वस्ती आणि मोठे रस्ते त्यांना अडवतात. संचारमार्ग ही तोवर बऱ्याच जणांना वन्यप्रेमींची कल्पना वाटे. आता तिला रक्ताच्या नात्याचा आधार मिळाला. विदर्भातल्या पेंच व्याघ्रप्रकल्पातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ च्या रुंदीकरणात महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांसाठी नऊ भुयारी वाटा व पूल बांधले गेले. मार्च ते डिसेंबर २०१९ या काळात तिथल्या कॅमेऱ्यांत अठरा जातींचे प्राणी दिसले, त्यांत अकरा वाघ. याचे सगळे श्रेय डीएनएला देणे बरोबर नाही. न्यायालयीन लढाई, भारतीय वन्यजीव संस्थेचा अभ्यास आणि स्थानिक संस्थांचा हट्ट हे सगळे त्यामागे होते. पण डांबर पडण्यापूर्वी पुरावा हाती होता, आणि त्याची दखल घेणे कोणालातरी भाग पडले.

उलट उदाहरण पुण्याच्या आसपासच्या माळरानांचे. तिथे २०१४ च्या सुमारास वेगळ्याच रंगाचे लांडगे दिसू लागले. ‘द ग्रासलँड्स ट्रस्ट’, ‘एट्री’ आणि ‘एनसीबीएस’ यांच्या संशोधकांनी जनुकसंच वाचून २०२३ मध्ये सिद्ध केले की हा लांडगा आणि भटका कुत्रा यांचा संकर आहे. निदान निर्विवाद होते. पण लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, कुत्रा पालिकेच्या खात्यात. मधल्या प्राण्याचे काय करायचे हे प्रयोगशाळा सांगू शकत नाही. शिवाय निदान होईपर्यंत संकराला सुरुवातही होऊन गेली होती.

आता पनवेलकडे, जिथे प्रश्न पाण्यातल्या पुराव्याचा आहे. गाढी नदी माथेरानच्या डोंगरात उगम पावते, देहरंगच्या धरणातून पनवेलला पाणी देते आणि करंजाडेला वळसा घालून खाडीला मिळते. तिच्या शेजारच्या नवी मुंबई विमानतळाला नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. दोन धावपट्ट्यांमधील अंतर १८०० मीटरवरून १५५० मीटरवर आणल्याने गाढी वळवावी लागली नाही. उलवे नदी मात्र वळवली गेली. सिडकोने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडून (बीएनएचएस) पक्ष्यांचा अभ्यास करून घेतला, तो उपयोगी आहे. पक्षी दिसतात. गढूळ पाण्याखालचा जिताडा, बोईट, चिखलातले निवटे यांची डोळ्यांनी केलेली यादी मात्र तोकडीच पडते. पाण्यात सुटलेल्या पेशींमधून, म्हणजे पर्यावरणीय डीएनएतून, प्राणी ओळखता येतो हे फ्रान्समधल्या तळ्यांतल्या अमेरिकी बेडकांवर २००८ साली दाखवले गेले होते. म्हणजे मंजुरीच्या वेळी हे तंत्र जेमतेम दोन वर्षांचे होते. ते न वापरल्याबद्दल कोणाला दोष देणे अन्यायाचे. पण २०१४ पासून इंग्लंडमध्ये बांधकामापूर्वी तळ्याच्या पाण्याचा नमुना तपासून एका संरक्षित सॅलॅमँडरची नोंद ग्राह्य धरली जाऊ लागली. विमानतळाची पायाभरणी झाली फेब्रुवारी २०१८ मध्ये. मधली चार वर्षे हा मुद्दा उपस्थित करायला पुरेशी होती.

यावर पहिला आक्षेप खाडीच घेईल. भरतीबरोबर डीएनए वर येतो, ओहोटीबरोबर खाली जातो. मासळी बाजाराच्या गटारातून सुरमईचाही अंश येईल आणि अहवालात सुरमई गाढीत राहते असे छापले जाईल. आक्षेप खरा आहे, पण त्याचे उत्तर नमुना घेण्याच्या शिस्तीत आहे. ओहोटीची वेळ, गटाराच्या वरचे व खालचे ठिकाण, एकाच जागेचे अनेक नमुने, आणि शंकास्पद जातीची जाळे टाकून खातरजमा. या पद्धतीने किती मासे आहेत हे विश्वासाने सांगता येत नाही, हेही मान्य. पण पर्यावरण अहवालात बहुधा आधी आकड्यांचा नव्हे, असण्या-नसण्याचाच वाद असतो.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. ज्ञात जातींच्या डीएनएचा तुलनेसाठीचा संदर्भसंग्रह अपुरा असल्याने आपल्या खाड्यांतल्या अनेक प्राण्यांचे डीएनए ओळखूच येणार नाहीत. मग ‘काहीही आढळले नाही’ हे वाक्य प्रकल्पकर्त्याच्या हाती परवान्यासारखे येईल. ही भीती साधार आहे. नरभक्षक ठरवून २०१८ मध्ये ठार मारलेल्या अवनी वाघिणीच्या प्रकरणात दिसलेच की प्रयोगशाळेचा निष्कर्ष निर्णय घेणाऱ्याच्या आधीच्या कलाप्रमाणे वाचला जातो. म्हणून ‘न आढळणे’ म्हणजे ‘नसणे’ नव्हे, ही अट मंजुरीच्या नियमांतच लिहिली पाहिजे. खर्चाचा आक्षेप मात्र तितकासा टिकत नाही. पाणी गाळून गाळणी शीतगृहात ठेवायला धावपट्टीच्या तुलनेत काहीच लागत नाही. ती गाळणी नीट जपली, तर संदर्भसंग्रह वाढल्यावर, कित्येक वर्षांनंतरही पुन्हा वाचता येते. डोळ्यांनी केलेल्या यादीला ही सोय नाही.

उलवे वळवण्यापूर्वीचे तिचे पाणी आता मिळणार नाही. गाढीच्या वरच्या अंगाला अजून वेळ आहे. २०१३ मध्ये अधिसूचित झालेल्या नैना (विमानतळ प्रभाव) क्षेत्रात पनवेल तालुक्यातली गावे येतात आणि तिथली बांधकामे पूर्ण व्हायला बरीच वर्षे लागतील. देहरंगच्या खाली, करंजाडेच्या पुलापाशी आणि खाडीच्या मुखाशी, पावसाळ्याआधी आणि नंतर, असे नमुने पुढच्या पावसापासूनही सुरू करता येतील.