माणूस शिकतो कसा?

हमालांच्या आणि ऊसतोड मजुरांच्या संघटनेत ज्याचे आयुष्य गेले, त्याने मानसशास्त्राच्या विषयावर बोलायला उभे राहावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. आमच्यापाशी पदवी नाही. शाळा अर्ध्यावर सुटली आणि पुढचे सारे वाचन रात्री, संघटनेच्या कचेरीत, हाती येईल त्या पुस्तकातून झाले. परंतु संघटनेचे काम म्हणजे तरी काय? भ्यालेल्या माणसाने भीती विसरावी आणि अडाणी ठेवलेल्या माणसाने हिशेब शिकावा, यासाठीची ती खटपट असते. तेव्हा माणूस शिकतो कसा, हा प्रश्न आमच्यापुढे पुस्तकातून आला नाही; तो कामातून आला. उत्तर शोधण्यासाठी मात्र पुस्तकांकडे जावे लागले.

आपल्या नेहमीच्या पाहण्यातल्या गोष्टीपासून सुरुवात करू. बाजारातून रिकामी गाडी सुटली की गाडीवान डुलक्या घेतो आणि बैल आपणहून गावची वाट धरतात. त्यांना ही वाट कोणी शिकवली? वाटेच्या शेवटी गोठा, पाणी आणि वैरण आहे, हे त्यांना रोजच्या अनुभवाने शिकवले. जनावराच्या अशा शिकण्याचा पद्धतशीर अभ्यास करून त्यावरून माणसाचा उलगडा करू पाहणारा जो पंथ विसाव्या शतकात निघाला, त्याला वर्तनवाद म्हणतात.

या पंथाचा पाया रशियात घातला गेला. इव्हान पाव्हलॉव्ह हे शरीरशास्त्रज्ञ कुत्र्यांच्या पचनक्रियेचा अभ्यास करीत होते आणि त्याच कामासाठी त्यांना 1904 साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. अन्न तोंडात पडण्यापूर्वीच, अन्न आणणाऱ्या माणसाची चाहूल लागताच कुत्र्याला लाळ सुटते. मग त्यांनी ठोके देणारे यंत्र वाजवून लगेच अन्न द्यायचे, असा क्रम पुष्कळदा केला. पुढे नुसत्या ठोक्यांनीही लाळ सुटू लागली. ठोके देऊन अन्न देण्याचे थांबवले, तेव्हा लाळ हळूहळू बंद झाली. दोन गोष्टी वारंवार एकापाठोपाठ आल्या की पहिली दुसरीची खूण बनते. यालाच अभिसंधान असे नाव आहे.

अमेरिकेत जॉन वॉटसन यांनी 1913 मध्ये जाहीर केले की मनात काय चालते याची चर्चा शास्त्राने सोडून द्यावी; जे डोळ्यांना दिसते, मोजता येते, ते वर्तन तेवढे पाहावे. 1920 साली त्यांनी व रोझली रेनर यांनी एका तान्ह्या मुलावर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. मूल पांढऱ्या उंदराशी न भिता खेळत होते. उंदराला हात लावताच त्याच्या पाठीमागे लोखंडी कांबीवर हातोड्याचा घाव घालायचा, असे काही वेळा केल्यावर मूल उंदीर पाहूनच रडू लागले, आणि पुढे सशालाही भिऊ लागले. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही. वॉटसन पुढे विद्यापीठ सोडून जाहिरातीच्या धंद्यात गेले, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आमच्या रात्रीच्या वर्गात एक हमाल येत. शंभर किलोचे पोते पाठीवर घेऊन ते फळी चढत, पण पाटी समोर ठेवली की त्यांच्या हाताला कंप सुटे. विचारले तेव्हा म्हणाले, "दादा, लहानपणी गुरुजींनी पाटीनंच डोकं फोडलं होतं. ती बघितली की अजून तसंच होतं." चाळीस वर्षांपूर्वीचा तो हातोड्याचा घाव पाटीला चिकटून राहिला होता. त्यांना मंदबुद्धी म्हणणारे लोक गावात होतेच. खरे पाहता ते फार पक्के शिकले होते. फक्त अक्षरांऐवजी भीती शिकले होते.

वर्तनवादाची दुसरी शाखा परिणामाकडे पाहते. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1898 साली मांजरांना फळकुटांच्या पेटीत कोंडले आणि बाहेर खाणे ठेवले. मांजर ओरबाडते, उड्या मारते, आणि धडपडीत केव्हातरी तिचा पाय खिटीवर पडून दार उघडते. पुन्हा पुन्हा कोंडल्यावर सुटायला लागणारा वेळ कमी कमी होत जातो. ज्या कृतीचा परिणाम सुखाचा, ती कृती टिकते. हा झाला परिणामाचा नियम.

बी. एफ. स्किनर यांनी हा नियम शेवटपर्यंत नेला. त्यांच्या पेटीतला उंदीर कळ दाबतो आणि दाणा मिळवतो. दाण्यामुळे कळ दाबण्याची क्रिया बळावते, म्हणून या क्रियेला प्रबलन म्हणतात. स्किनर यांना असे दिसले की दर खेपेला दाणा देण्यापेक्षा कधी तिसऱ्या, कधी विसाव्या दाबण्याला दिला, तर प्राणी अधिक चिकाटीने दाबत राहतो आणि दाणा बंद झाला तरी लवकर थांबत नाही. मटक्याच्या टपरीवर दिवसाची मजुरी घालवणारा माणूस उद्या पुन्हा तिथे का जातो, याचे उत्तर या पेटीत आहे. कधीतरी आकडा लागतो, एवढेच त्याला पुरते. घटकाघटकाला मोबाईल उघडून काही नवे आले का ते पाहणारे आपणही त्याच नियमात सापडलो आहोत.

हा नियम खरा आहे. मालकवर्गाला तर तो पुस्तकांच्या आधीपासून ठाऊक आहे. ऊसतोडीला जाणारे जोडपे, ज्याला 'कोयता' म्हणतात, हंगामापूर्वी उचल घेते आणि एक दिवस कामावर आले नाही तर त्याच्या नावे 'खाडा' लागून पैसे कापले जातात. पुढे दाणा, मागे चाबूक, अशी ही पेटी आहे. परंतु शिक्षेविषयी स्किनर यांचेच म्हणणे असे होते की शिक्षेने वर्तन दबते, त्याच्या जागी नवे काही येत नाही. खाड्याच्या भीतीने बाई तापातही ऊस तोडते. पण त्यातून ती काय शिकते? मुकादमाची नजर ओळखायला शिकते, इतकेच.

मग माणूस म्हणजे पेटीतला उंदीरच काय? या प्रश्नावर त्याच काळात इतर अभ्यासकांनी वेगळी उत्तरे दिली.

जर्मन मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग कोलर 1913 पासून काही वर्षे तेनेरिफ बेटावर चिंपांझींचे निरीक्षण करीत होते. सुलतान नावाच्या चिंपांझीपुढे केळे ठेवले, पण हातातल्या दोन्ही काठ्या आखूड. पुष्कळ खटपट फसली. नंतर काठ्यांशी खेळता खेळता एक काठी दुसरीच्या पोकळीत बसली, आणि सुलतान लगेच ती लांब काठी घेऊन केळ्याकडे धावला. मांजरीचे शिकणे थोडे थोडे झाले होते. येथे परिस्थितीचा सांधा एकदम दिसला. याला मर्मदृष्टी म्हणतात.

हिंगोलीकरांना हे दूरचे वाटू नये. नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी आपल्याच जिल्ह्यात आहे आणि औंढा नागनाथही. परंपरेची कथा सर्वांना ठाऊक आहे. गोरोबांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेव हे कच्चे मडके ठरले. पुढे औंढ्याच्या देवळात विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले दिसले. नामदेव रागावले, तेव्हा विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. पाय ठेवावे तिथे पिंड. श्रद्धेची बाजू ज्याची त्याने पाहावी. शिकवण्याची बाजू आम्ही पाहतो. थापटण्याने कच्चेपण कळले, पक्केपण आले नाही. विसोबांनी बक्षीस दिले नाही की छडी उगारली नाही. शिष्याला स्वतःच्या हाताने पाय उचलून पाहावे लागले, असा प्रसंग त्यांनी उभा केला.

अमेरिकेत टोलमन यांनी तर उंदरावरच वर्तनवादाला प्रश्न विचारला. 1930 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही उंदीर दहा दिवस भूलभुलैयात दाण्यावाचून नुसते हिंडत होते. अकराव्या दिवशी दाणा ठेवल्याबरोबर ते पहिल्यापासून दाणा मिळालेल्या उंदरांच्या बरोबरीला आले. म्हणजे वाटा त्यांनी आधीच शिकून ठेवल्या होत्या; वापरायला कारण नव्हते, इतकेच. भाषेचेही असेच. लहान मूल 'केले' ऐवजी 'करले' म्हणते. घरात हे कोणी बोलत नाही, त्याबद्दल कोणी खाऊही देत नाही. मुलाने 'धरले', 'मारले' ऐकून मनाशी नियम बांधलेला असतो.

स्वित्झर्लंडचे पियाजे यांनी हेच मुलांच्या बाबतीत पाहिले. बुटक्या भांड्यातले पाणी उंच, अरुंद भांड्यात ओतले की चार-पाच वर्षांचे मूल म्हणते, पाणी वाढले. सातएक वर्षांनंतर ते स्वतःच हसते. ज्ञान बाहेरून ओतता येत नाही. मूल ते हाताळून मनात उभे करते. रशियाचे व्हिगॉट्स्की, जे 1934 साली अवघ्या सदतिसाव्या वर्षी वारले, त्यांनी यात सोबतीची भर घातली. आज एकट्याने जे जमत नाही, ते जाणत्याच्या आधाराने जमते, आणि उद्या एकट्याने जमू लागते. शिकवणे घडते ते या दोहोंमधल्या अंतरात. अल्बर्ट बांडुरा यांनी 1961 साली दाखवले की मोठ्या माणसाला रबरी बाहुल्याला बडवताना पाहिलेली मुले, कोणी बक्षीस न देता, तसेच बडवू लागतात. हळदीच्या ढिगावर कांडी आणि गट्टू वेगळे करणाऱ्या बायकांना कोणी वर्ग भरवून शिकवले? शेजारणीचे हात पाहून त्या शिकल्या.

आता आमचीच फजिती सांगतो. एका बाजारपेठेत हमालांसाठी रात्रीचा वर्ग काढला तेव्हा आम्ही नकळत स्किनरपंथी होतो. आठवडाभर न चुकता येणाऱ्यास अंगाचा साबण, महिनाभर येणाऱ्यास टॉवेल. वर्ग गच्च भरे. वर्गणीचे पैसे संपले, साबण थांबला, आणि पंधरवड्यात कंदिलाखाली आम्ही एकटे उरलो. आम्ही हमालांना दोष दिला. त्यावर एक म्हातारे हमाल म्हणाले, "साहेब, साबणासाठी यायला सांगितलंत, म्हणून साबणासाठी आलो. आमच्या पोत्यांचा आकडा आम्हाला वाचता येईल असं काही शिकवता का?"

दिवसभर किती पोती उचलली, याची चिठ्ठी टोळीचा मुकादम लिही आणि मजुरी त्यावर ठरे. दुसऱ्या दिवसापासून बालबोध पुस्तक बाजूला ठेवले आणि त्या चिठ्ठ्याच पुढ्यात घेतल्या. आधी अंक, मग हळद, सोयाबीन, तूर हे शब्द. तोंडी हिशेबात ही माणसे आमच्यापेक्षा पटाईत होती. तोंडातला आकडा कागदावर कसा दिसतो, तेवढेच शिकायचे होते. ज्याला आले तो थप्पीच्या आडोशाला दुसऱ्याला दाखवी. पाटीला भिणाऱ्या त्या हमालांना आम्ही पाटी दिलीच नाही. पोत्यावर खडूने आकडे काढायला लावले. सगळेच शिकले असे नाही. काही जणांना अखेरपर्यंत सही तेवढी जमली. पण एका संध्याकाळी चिठ्ठीत अकरा पोती कमी असल्याचे टोळीतल्या एकाने वाचून दाखवले आणि मजुरी दुरुस्त करून घेतली. त्यानंतर साबणाची आठवण कोणी काढली नाही.

हा शोध आमचा नव्हे. केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ 1958 साली स्थापन झाले, तेव्हापासून त्याने कामगारांतूनच श्रमिक शिक्षक तयार करण्याची पद्धत ठेवली. त्याही आधी, 1945 साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला काम सुरू केले. आदिवासी पाड्यांतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, हे पाहून त्यांनी आणि अनुताई वाघांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. पुढे कोसबाडला, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. मुले का शिकत नाहीत, हे विचारण्याआधी त्यांनी शाळा कुठे उभी आहे, हे विचारले.

तात्पर्य काय? दाणा आणि छडी यांनी सवय लागते, हे पाव्हलॉव्ह-स्किनर यांनी दाखवलेले सत्य नाकारण्यात अर्थ नाही. पाढे, शिस्त, यंत्रावरची सावधगिरी यांत सवयीची गरज असतेच. परंतु सवय लावणाऱ्याने दाणा थांबवला की नुसत्या दाण्यावर उभी असलेली सवय ढासळते. आणि पेटी कोणाच्या सोयीने बांधली आहे, हे विचारायला ती सवय शिकवत नाही. ते शिकायला समज लागते, सोबत लागते, आणि शिकलेले आपल्या उपयोगी पडते असा अनुभव लागतो.

श्रोतेहो, आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला गेलेल्या जोडप्यांबरोबर त्यांची मुलेही जातात आणि हंगाम संपल्यावर वर्गात परत येऊन बसतात. मोळी कशी बांधावी, तान्ह्या भावंडाला कसे सांभाळावे, दहा गावांची बोली कशी समजून घ्यावी, हे सारे ती शिकून आलेली असतात. पुस्तकातले सहा धडे मात्र मागे पडलेले असतात. त्या मुलाला 'ढ' हा शब्द रोज ऐकवला, तर पाव्हलॉव्ह यांचा नियम चुकणार नाही. शाळा हीच त्याला अपमानाची खूण होईल आणि पुढच्या हंगामात ते आपणहून कोयता उचलील. यंदा अशी मुले परत येतील तेव्हा आपल्यापैकी ज्यांना संध्याकाळचा एक तास मोकळा असेल, त्यांनी तो त्यांच्याबरोबर काढावा, एवढीच आमची विनंती आहे. सुरुवात त्यांना काय येते, हे विचारून करावी.