आठ सेकंदांचा सूर

प्रोग्रेसिव्ह रॉकमधला सर्वांत मोठा कीबोर्डवादक कोण, हा वाद निघाला की कीथ एमर्सन आणि रिक वेकमन ही दोन नावं आधी पुढे येतात. साहजिकच आहे. दोघांचाही पाया पाश्चात्त्य अभिजात संगीताचा, बोटांचा वेग थक्क करणारा. एमर्सन तर हॅमंड ऑर्गनच्या पट्ट्यांत सुरे खुपसून सूर अडकवून ठेवायचा. तरीही माझं मत जेनेसिसच्या टोनी बँक्सला. 1970च्या आगेमागे या मंडळींच्या हाती आलेली नवी वाद्यं कमालीची अधू होती, आणि त्या अधूपणाचं कोणी काय केलं यावरच त्यांची पारख व्हायला हवी.

मेलोट्रॉनच घ्या. बर्मिंगहॅममध्ये बनणाऱ्या या वाद्यात प्रत्येक पट्टीमागे ध्वनिमुद्रित फितीचा एक तुकडा असे. पट्टी दाबली की फीत फिरत्या दांड्याला भिडे आणि व्हायोलिनचा किंवा वृंदगायनाचा खराखुरा सूर उमटे. पण आठेक सेकंदांत फीत संपे आणि सूर तुटे. बोट उचललं की स्प्रिंग ती मागे ओढून घेई. त्यामुळे जलद ताना इथे अवघडच, आणि बऱ्याच पट्ट्या एकदम दाबल्या तर मोटरवर ताण येऊन सूर उतरण्याची धास्ती. 1972च्या ‘फॉक्सट्रॉट’मधल्या ‘वॉचर ऑफ द स्काइज’ची सुरुवात बँक्सने याच वाद्यावर केली. काही कॉर्ड त्यावर पार बेसूर लागत, दोन मात्र विलक्षण भारदस्त. त्या दोहोंतून ती सुरुवात उभी राहिली, असं त्यानेच सांगितलं आहे. वेकमनने उलटी वाट धरली. आठ सेकंदांची अडचणच घालवावी म्हणून त्याने डेव्ह बायरोच्या बायरोट्रॉनमध्ये पैसा घातला. त्यातली फीत गोल फिरत राही, म्हणजे सूर संपायचाच नाही. ती वाद्यं मोजकीच बनली आणि बेत तिथेच थांबला.

सिंथेसायझरची गत वेगळी. 1970चा मिनीमूग एका वेळी एकच स्वर वाजवी, शिवाय जुळवलेला नाद साठवण्याची सोय नाही. वेकमन म्हणूनच एकाहून अधिक मिनीमूग घेऊन उभा राही. पण मिनीमूगच्या डाव्या बाजूच्या चाकाने स्वर वाकवता येई. पट्ट्यांवर मींड निघत नाही, हा आपल्याकडे पेटीवरचा जुना आक्षेप (1940मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिला दारं बंद केली, त्यामागे हेही एक कारण). मूगने तो अडसरच काढला. ‘लकी मॅन’ या गाण्याच्या शेवटी एमर्सनचा मूग स्वरावरून स्वरावर घसरत जातो. त्याला स्वतःला ते वादन विशेष वाटलं नव्हतं, ही गंमत. बँक्सकडचा एआरपी प्रो सोलोइस्टही एकस्वरी, आणि त्यातले नाद कारखान्यातूनच ठरून आलेले. 1973च्या ‘सिनेमा शो’च्या उत्तरार्धात त्याने तेवढ्या सामग्रीवर सात मात्रांच्या आवर्तनात जो विस्तार केला आहे, त्यात एकही सूर दाखवण्यापुरता नाही. वाक्याला वाक्य जोडत सुरावट वाढते, आणि घाई कुठेच नाही.

वाद्यं सगळ्यांना सारखीच मिळाली होती, मग त्यांना एवढं महत्त्व कशाला, असं कोणी विचारेल. सारखी मिळाली म्हणूनच तुलना करता येते. एमर्सनच्या बाजूचा आक्षेप अधिक वजनदार आहे: स्टुडिओसाठी घडवलेला, तापला की सूर सोडणारा कपाटाएवढा मॉड्युलर मूग त्याने गावोगाव नेला, ‘टार्कस’सारखी रचना केली, त्याला नुसता खेळ दाखवणारा कसं म्हणावं? तसं मी म्हणत नाही. पण त्याच्या उत्तम जागा हॅमंडवरच्या आहेत, आणि हॅमंड हे या सगळ्यांत सर्वांत भरवशाचं वाद्य. 1978मध्ये पाच स्वर एकदम वाजवणारा आणि नाद साठवणारा प्रोफेट-5 आला. पुढे बँक्सचं वादन मला फिकं वाटतं. त्याचं खापर मात्र नुसत्या सोयींवर फोडता येणार नाही. तोवर पंकची लाट येऊन गेली होती आणि जेनेसिसही आटोपशीर गाण्यांकडे वळत होतं.

माझ्या मताला खरा शह देतो तो व्हॅन डर ग्राफ जनरेटरचा ह्यू बँटन. त्याने उणिवेशी जुळवून घेतलं नाही, की दुसरं वाद्य येण्याची वाट पाहिली नाही. ऑर्गन उघडून आतली जोडणी स्वतःच बदलली, आणि बासवादक निघून गेल्यावर बासचं काम पायांखालच्या पट्ट्यांवर घेतलं. 1971च्या ‘पॉन हार्ट्‌स’मध्ये त्याचा ऑर्गन गुरगुरतो, मध्येच फाटल्यासारखा होतो, आणि ते तसंच हवं होतं हे ऐकताना कळतं. एमर्सन आणि वेकमन यांच्या आधी मी त्याला बसवतो.