कड्याचा फोटो आणि त्यावरची रेघ

वाचण्याआधी: तुम्ही कधी उंच इमारतीच्या अगदी पायथ्याशी उभं राहून तिचा फोटो काढला आहे का? त्यात इमारत कशी दिसली? आठवा आणि मग पुढे वाचा.

अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यात, योसेमिटी नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे एल कॅपिटन हा प्रसिद्ध कडा आहे. पायथ्यापासून माथ्यापर्यंत तो सुमारे ९०० मीटर उंच आहे. समोरच्या कुरणात नेहमी काही लोक दुर्बीण घेऊन, मान वर करून उभे असतात. तुम्हीही वर बघता, पण तुम्हाला नुसता राखाडी कातळ दिसतो. मग कोणीतरी बोट करून दाखवतं आणि कड्याच्या मधोमध एक लाल ठिपका हलताना दिसतो. अरे, तो तर माणूस आहे!

हा माणूस वाटेल तिथून चढत नाही. त्याचा मार्ग ठरलेला असतो. एल कॅपिटनवर असे कितीतरी मार्ग आहेत. कड्याच्या मोठ्या फोटोवर हे मार्ग रेघांनी दाखवले, की मार्गांचं पोस्टर तयार होतं. लोक ते घरात भिंतीवर लावतात. चढायला जाणारे आरोहक मात्र त्याच्यासमोर बसून बेत आखतात. म्हणून हा फोटो नुसता सुंदर असून चालत नाही, तो खरा असावा लागतो. चुकीच्या रेघेवर विश्वास ठेवून कोणी चुकीच्या भेगेत शिरलं, तर तिथून परत फिरणं खूप अवघड असतं.

मग खरा फोटो कसा काढायचा?

१. उभं कुठे राहायचं?

आता तो इमारतीचा फोटो आठवा. खालचे मजले मोठे दिसतात आणि वरचे चेपल्यासारखे दिसतात. कड्याचंही तसंच होतं. अगदी जवळून फोटो काढला, तर खालचे १०० मीटर फोटोत खूप जागा घेतात आणि माथ्याजवळचे १०० मीटर एका पट्टीत संपतात. असं पोस्टर बघून वाटेल, की शेवटची चढाई अगदी थोडी आहे. प्रत्यक्षात ती तेवढीच लांब असते आणि तोपर्यंत हात थकलेले असतात!

यावर उपाय सोपा आहे, पण त्यासाठी पाय दुखतात. कड्यापासून लांब जायचं आणि उंचावर चढायचं. दरीच्या समोरच्या बाजूला, शक्य तितकं कड्याच्या मध्याच्या उंचीवर उभं राहायचं आणि लांबचं जवळ दाखवणारी टेलीफोटो लेन्स लावायची. मग वरचा आणि खालचा भाग सारख्या प्रमाणात दिसतो. तुम्ही म्हणाल, ‘मग ड्रोन उडवा की!’ पण अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांमध्ये २०१४ पासून ड्रोनला बंदी आहे. म्हणून सामान पाठीवर घेऊन चालावंच लागतं.

२. ऊन कधी येतं?

एल कॅपिटनला दोन मोठ्या बाजू आहेत. एक आग्नेयेकडे तोंड करून आहे आणि दुसरी नैर्ऋत्येकडे. दोन्ही जिथे मिळतात, तिथे नाकासारखी पुढे आलेली धार आहे. तिला ‘द नोज’ म्हणतात. सकाळी आग्नेय बाजूवर ऊन असतं आणि दुसरी बाजू सावलीत असते. दुपारनंतर उलट होतं. पोस्टरसाठी दोन्ही बाजू नीट दिसायला हव्यात, म्हणून वेळ विचार करून निवडावी लागते.

ऊन समोरून आलं, तर कातळ सपाट दिसतो. भेगा आणि खाचा कळतच नाहीत. ऊन तिरपं असलं, तर प्रत्येक भेगेला बारीक सावली मिळते आणि कातळ वाचता येतो. पण ऊन फारच तिरपं असलं, तर सावल्या इतक्या मोठ्या होतात, की अर्धा मार्ग काळोखात जातो. सूर्यास्ताचा सोनेरी फोटो भिंतीवर छान दिसतो, पण त्यात रस्ता सापडत नाही.

३. एक फोटो का पुरत नाही?

चला, थोडं गणित करूया. तुमचा कॅमेरा चांगला आहे आणि त्याच्या फोटोत वरून खाली ६,००० ठिपके मावतात, असं धरू. कडा ९०० मीटरचा. म्हणजे एका ठिपक्यात १५ सेंटिमीटर कातळ आला. उभा माणूस जेमतेम ११ ठिपक्यांचा होईल! आणि जिच्यात फक्त बोटं मावतात, अशी २ सेंटिमीटरची भेग? ती दिसणारच नाही. पण आरोहक तर त्याच भेगेच्या आधाराने वर जातो.

म्हणून छायाचित्रकार कड्याचे तुकडे पाडतो. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून तो एकेका भागाचा जवळून दिसेल असा फोटो काढतो. हे फोटो कधी पन्नास असतात, तर कधी शेकडो. प्रत्येक फोटोचा साधारण एक तृतीयांश भाग शेजारच्या फोटोतही यावा लागतो. मग कॉम्प्युटर ते सगळे गोधडीच्या तुकड्यांसारखे जोडतो. काम भरभर करावं लागतं, कारण सूर्य थांबत नाही. पहिल्या आणि शेवटच्या फोटोतल्या सावल्या वेगळ्या झाल्या, तर जोड उघडे पडतात. कॅमेऱ्याचं ‘ऑटो’ही बंद ठेवतात, नाहीतर एक तुकडा उजळ आणि दुसरा काळपट येतो.

४. रेघ कोण आखतं?

फोटो तयार झाला. आता त्यावर मार्ग काढायचा. हे काम फक्त फोटो बघून जमत नाही. इथे त्या मार्गाने चढलेल्या माणसाची मदत लागते.

‘द नोज’चंच उदाहरण घ्या. या मार्गाने पहिली चढाई १२ नोव्हेंबर १९५८ रोजी पूर्ण झाली. वॉरन हार्डिंग, वेन मेरी आणि जॉर्ज व्हिटमोर हे तिघं त्या दिवशी माथ्यावर पोचले. हार्डिंग यांनी काम सुरू केलं होतं १९५७ च्या जुलैमध्ये. म्हणजे टप्प्याटप्प्याने सुमारे १६ महिने लागले.

या मार्गावरच्या जागांना त्यांच्या आकारावरून नावं पडली आहेत. खाली विळ्यासारखा वाकलेला अरुंद कट्टा आहे, तो ‘सिकल लेज’. वर बुटाच्या आकाराचा कातळाचा ढलपा आहे, तो ‘बूट फ्लेक’. आता गंमत बघा. बुटाच्या टोकावर पोचल्यावर आरोहक आणखी वर जात नाही. तो दोरावरून खाली उतरतो, कातळावर इकडून तिकडे पळत झोका घेतो आणि डावीकडची भेग पकडतो. या झोक्याचं नाव ‘किंग स्विंग’. पोस्टरवर इथे रेघ वर जाऊन परत खाली येते आणि डावीकडे वळते. नुसता फोटो बघणाऱ्याला वाटेल, रेघ चुकली. तो ती ‘सुधारून’ सरळ वर नेईल आणि तिथेच मोठी चूक होईल. चढून आलेल्या माणसाला मात्र माहीत असतं, की हीच रेघ बरोबर आहे.

आकारावरून नाव देण्याची सवय आपल्याकडेही आहे. लोणावळा-खंडाळ्याजवळ एक प्रसिद्ध सुळका आहे. तिथेही आरोहक दोर लावून चढतात. इंग्रजांना त्यात वेलिंग्टनच्या ड्यूकचं नाक दिसलं, म्हणून ते त्याला ‘ड्यूक्स नोज’ म्हणाले. मराठी माणसाला त्यात नागाचा फणा दिसला, म्हणून त्याचं नाव ‘नागफणी’. कातळ एकच, पण बघणारे डोळे वेगळे!

५. कडा बदलतो तेव्हा

कातळ कायमचा आहे असं आपल्याला वाटतं. पण तसं नाही. २७ सप्टेंबर २०१७ रोजी एल कॅपिटनच्या आग्नेय बाजूवरून दरड कोसळली. त्यात एका आरोहकाचा जीव गेला. दुसऱ्या दिवशी तिथूनच आणखी मोठी दरड पडली. असं झालं, की त्या भागाचा जुना फोटो खोटा ठरतो. त्याच्यावरची रेघ आता नसलेल्या कातळावरून जाऊ शकते.

पण तोच जुना फोटो दुसऱ्या कामाला येतो. आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवले, की कुठला तुकडा पडला ते कळतं. याच विचाराने २००८ मध्ये छायाचित्रकारांच्या तुकड्यांनी योसेमिटीच्या दरीत २० ठिकाणांहून एकाच वेळी कड्यांचे फोटो काढले. दरडींचा अभ्यास करणाऱ्यांना ते उपयोगी पडावेत, हा त्यामागचा हेतू होता.

म्हणून चांगल्या पोस्टरवर फोटो कोणत्या वर्षी काढला ते लिहिलेलं असावं. पोस्टर विकत घेताना सूर्यास्ताचे रंग बघायच्या आधी ते वर्ष शोधा.

नवीन शब्द

कडा – डोंगराची उभी, भिंतीसारखी बाजू
कातळ – मोठा, अखंड खडक
भेग – खडकात पडलेली लांब, अरुंद फट
ढलपा – मूळ खडकापासून थोडा सुटलेला पातळ तुकडा
तिरपं – सरळ नाही, एका बाजूने येणारं
दरड – डोंगरावरून कोसळणारे दगड आणि माती
आरोहक – कडा किंवा डोंगर चढणारा माणूस

विचार करा आणि सांगा

१. पायथ्याशी उभं राहून काढलेला फोटो पोस्टरसाठी का चालत नाही?
२. ‘किंग स्विंग’च्या जागी रेघ खाली का येते?
३. जुना फोटो मार्ग शोधायला निरुपयोगी झाला, तरी जपून का ठेवावा?
४. घराजवळच्या एखाद्या भिंतीचा किंवा झाडाचा फोटो सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी काढा. कोणत्या फोटोत बारकावे सगळ्यांत नीट दिसतात? पाच वाक्यांत लिहा आणि पुढच्या वर्गात वाचून दाखवा.