खिशांतील दप्तर आणि त्याची दुसरी प्रत

घरांतील वडील माणूस निवर्तल्यावर त्याच्या कपाटांतून पत्रांचें पुडकें निघतें. कोणी तें वाचून पाहतो, कोणी न उघडतांच परत ठेवतो. अलीकडे हें पुडकें कपाटांत नसतें. हातांत मावणाऱ्या यंत्राच्या पोटांत असतें. ‘औषध वेळेवर घे’, ‘पोंचल्याबरोबर कळव’ अशीं एकदोन ओळींचीं पत्रें त्यांत शेंकड्यांनीं सांठलेलीं असतात. तें यंत्र एके दुपारीं जिन्यावरून खालीं पडलें, कीं त्यांतील एकहि ओळ परत मिळण्याची शाश्वती राहत नाहीं. दुसरी प्रत करून ठेवावयाची ती त्या दुपारच्या आधीं.

ही प्रत कशी करावी व वेळ येतांच ती पुन्हां यंत्रांत कशी बसवावी, हें समजून घेण्यास फिनलंडच्या नोकिया कंपनीनें २००९ सालच्या नोव्हेंबरांत विक्रीस काढलेला एन-९०० हा फोन फार सोयीचा आहे. त्याची कार्यप्रणाली माएमो-५ ही डेबियन या प्रसिद्ध लिनक्सवरून घडविलेली. इतर पुष्कळ यंत्रें आपलीं आंतलीं दालनें धन्यासहि दाखवीत नाहींत. या यंत्रांत मात्र धन्यानें ठरविल्यास प्रत्येक खोलीची किल्ली त्याच्या हातीं येते. विक्री बंद होऊन वर्षें लोटलीं, तरी हौशी मंडळींनीं तें अजून जपून ठेवलें आहे, त्याचें एक कारण हेंच असावें.

या यंत्राच्या पोटांत साठे दोन. एक २५६ मेगाबाइटांचा लहान साठा. मूळ कार्यप्रणाली तेथें राहते. दुसरा ३२ गिगाबाइटांचा मोठा; त्याचे पुन्हां विभाग पाडलेले. सुमारें २७ गिगाबाइटांच्या विभागाचें नांव ‘मायडॉक्स’. छायाचित्रें, गाणीं व कागदपत्रें तेथें जातात. सुमारें २ गिगाबाइटांचा दुसरा विभाग ‘होम’, आणि उरलेला थोडा भाग यंत्राच्या स्वतःच्या तात्पुरत्या कामासाठीं.

पुष्कळांची फसगत येथेंच होते. यंत्र तारेनें संगणकास जोडलें, कीं पडद्यावर एकच पेटी उघडते. माणूस तींतील सर्व वस्तु संगणकावर उतरवून घेतो आणि निश्चिंत होतो. पण दिसलेली पेटी ती फक्त मायडॉक्सची. संदेश, नांवें, दूरध्वनिक्रमांक व पंचांगांतील नोंदी असतात त्या होममध्यें, आणि तो विभाग संगणकास मुळीं दाखविलाच जात नाहीं. शिवाय ज्या कोठारांत हे संदेश असतात, त्याच्या नांवाचा आरंभ एका टिंबानें होतो. आणि युनिक्सच्या घराण्यांत टिंबानें आरंभ होणारें नांव साध्या यादींत न दाखविण्याची जुनी चाल आहे. म्हणजे आंब्यांची पेटी जपून उतरविली आणि दागिन्यांचा डबा मात्र गाडींतच राहिला, असा हा प्रकार!

यंत्राबरोबर येणारें ‘बॅकअप’ नांवाचें साधन ही उणीव बरीच भरून काढतें. संदेश, नांवें, पंचांग, वाचनखुणा व बसविलेल्या जुळण्या यांची तें एकत्र प्रत करतें. तरी दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, ही प्रत यंत्राच्याच साठ्यांत ठेवली, तर यंत्राबरोबर तीहि जाते. ती बाहेरच्या कार्डावर घेऊन तेथून संगणकावर हलवावी. दुसरी, नंतर बसविलेल्या कार्यक्रमांची प्रत होत नाहीं, केवळ यादी होते. यादी हातीं असली, कीं ते कार्यक्रम पुन्हां वितरणकेंद्रांतून मागवावयाचे, अशी योजना होती. नोकियाचीं स्वतःचीं केंद्रें कालांतरानें बंद पडलीं. जें टिकलें तें माएमोच्या स्वयंसेवकांनीं आपल्या संगणकांवर सांभाळलें म्हणून. दुकान उठून गेल्यावर सामानाची यादी काय कामाची? ज्या कार्यक्रमावांचून अडतें, त्याची मूळ फाइलच आपल्यापाशीं असावी.

याहून पूर्ण प्रत हवी असेल, तर होम विभागच संबंध उचलावा लागतो. ‘रूट’ म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी. त्याचा अधिकार घेऊन सगळीं कोठारें कार्डावर उतरवितां येतात. परंतु फाइली सुट्या सुट्या उतरविणें ही चूक होय. लिनक्सवर प्रत्येक फाइलीच्या कपाळीं तिचा मालक कोण व ती कोणीं वाचावी, कोणीं बदलावी हें लिहिलेलें असतें. कार्डावरील फॅट-३२ या मांडणींत तो मजकूर लिहिण्यास जागाच नाहीं; तेथें जातांच तो पुसला जातो. म्हणून सर्व फाइली प्रथम ‘टार’ या साधनानें एका गाठोड्यांत बांधाव्या. हें साधन १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासूनचें. चुंबकीय फितींसाठीं तें निर्माण झालें आणि त्याचें नांवहि तेथूनच आलें. गाठोड्याच्या आंत मालकी व परवानगी जशीच्या तशी राहते. फॅट-३२ वर एक फाइल ४ गिगाबाइटांहून मोठी होऊं शकत नाहीं. पण होम विभागच २ गिगाबाइटांचा असल्यानें येथें अडचण पडत नाहीं.

गांठ मारण्यापूर्वीं आणखी एक दक्षता. सर्व संदेश मिळून एकच फाइल असते आणि ती एस्क्यूलाइट पद्धतीच्या खतावणीसारखी असते. मुनीम खतावणींत लिहीत असतां तिची नक्कल उतरवूं लागल्यास जमेचें पान जुनें व खर्चाचें पान नवें असा घोळ होतो, आणि तो त्या क्षणीं दिसतहि नाहीं. लिहिणारे कार्यक्रम आधीं बंद करावे, किंवा एस्क्यूलाइटच्याच नक्कल करण्याच्या आज्ञेनें प्रत घ्यावी. नांवांची मात्र निराळी प्रत व्हीकार्ड या रूपांत काढून ठेवावी, कारण तें रूप पुढें दुसऱ्या कोणत्याहि कंपनीच्या फोनास वाचतां येतें.

आतां पुनःस्थापना. यंत्र बिघडल्यावर त्यांत कार्यप्रणाली नव्यानें भरतां येते. त्यासाठीं दोन निरनिराळ्या प्रतिमा आहेत. एक लहान साठा पुसून नवा करते व होम विभागास हात लावीत नाहीं; दुसरी मोठा साठाच कोरा करते. घाईंत दुसरी भरली गेली, तर वरचें सर्व प्रकरण ओढवतें. गाठोडें सोडतांना तें रूट म्हणूनच सोडावें, म्हणजे मालकी यथास्थित बसते. सुट्या फाइली रूटच्या हातानें ठेवल्या, तर त्यांची मालकी रूटकडे जाते आणि संदेशांचा कार्यक्रम आपल्याच घराच्या दाराशीं उभा राहतो. माएमोंत सामान्य मालकाचा क्रमांक २९९९९. तो त्या फाइलींस पुन्हां लावून द्यावा लागतो. तसेंच जुनी फाइल ठेवतांच मधल्या काळांतील नवे संदेश नाहींसे होतात; तेव्हां सध्यांच्या स्थितीची एक प्रत आधीं बाजूस काढल्यावांचून जुनी प्रत बसवूं नये.

या फोनाच्या तारेच्या जोडणीचें मुख कालांतरानें निखळतें, अशी अनेक धारकांची तक्रार होती. तें निखळलें, कीं तारेनें प्रतिमा भरणेंहि खुंटतें. त्यासाठीं बिनतारी जाळ्यावरून प्रत घेण्याची संवय बरी. १९९६ सालीं अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनीं प्रसिद्ध केलेलें ‘आरसिंक’ हें साधन जें बदललें तेवढेंच पाठवितें, त्यामुळें रोजची प्रत थोड्या वेळांत उरकते.

आलेली प्रत उघडून पाहणें मात्र कोणी टाळूं नये. संदेशांची ती खतावणी कोणत्याहि लिनक्स संगणकावर उघडते. तींतील संदेशांची संख्या यंत्रांतील संख्येशीं ताडून पाहावी, एखादा फार जुना संदेश काढून तो नीट वाचतां येतो कीं नाहीं हें पाहावें, आणि मगच मूळ यंत्र पुसावयास घ्यावें.