जुळ्या सैनिकांची साक्ष

सैनिकाचे दुखणे युद्धाने दिलेले की उपजत, हा प्रश्न त्याच्या निवृत्तिवेतनाच्या वादात वारंवार येतो. त्याचे उत्तर शोधण्याचे एक विलक्षण साधन अमेरिकेने १९८०च्या दशकात उभारले : व्हिएतनाम काळातील जुळ्या सैनिकांची नोंदवही. १९६५ ते १९७५ दरम्यान सैन्यात असलेल्या जुळ्या भावांच्या सुमारे सात हजार जोड्या तीत आहेत.

एकसारख्या जुळ्यांची आनुवंशिक घडण जवळपास सारखीच असते. त्यांपैकी एकच भाऊ आग्नेय आशियात गेला असेल, तर दोघांच्या प्रकृतीतील फरक युद्धानुभवाकडे बोट दाखवतो. अशा ७१५ जोड्यांचा अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे गेलेल्यांपैकी १६.८ टक्क्यांना आघातोत्तर तणावविकार होता. न गेलेल्या भावांत ५ टक्क्यांना.

२००२ मध्ये दुसरी बाजू पुढे आली. तीव्र विकार असलेल्या सैनिकांच्या मेंदूतील, स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस लहान आढळला. पण युद्ध न पाहिलेल्या त्यांच्या जुळ्या भावांतही तो तसाच होता.

मात्र उपजत दुबळेपणा म्हणजे आजार नव्हे, आणि तो भरपाई नाकारण्याचे निमित्त ठरू नये. भारतातही अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी आजार सेवेमुळे उद्भवला वा बळावला का, हेच पाहिले जाते. भरतीवेळी नोंद नसलेल्या आजाराबाबत संशयाचा फायदा सैनिकाला मिळावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात स्पष्ट केले. तत्त्व न्यायालयाने दिले. माजी सैनिकांच्या आरोग्याचा दशकानुदशके मागोवा घेऊन पुरावा जमवणे हे शासनाचे काम आहे.