विश्लेषण : एक पाय दुसऱ्यापेक्षा कमकुवत का राहतो? व्यायामाने हा फरक भरून निघतो का?

बर्लिनमध्ये २००९ साली १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत कापणाऱ्या युसेन बोल्टचे दोन्ही पाय सारखे पडत नसत. अमेरिकेतील सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या संशोधकांना त्याच्या धावण्याच्या अभ्यासात उजव्या पायाचा जमिनीवरील कमाल जोर डाव्यापेक्षा सुमारे १३ टक्के जास्त आढळला. म्हणजे फरक असणे हाच दोष नव्हे. मात्र गुडघ्याच्या दुखापतीनंतर राहिलेला मोठा फरक दुर्लक्षून चालत नाही.

फरक कशामुळे पडतो?

काही अंशी खेळामुळे. उजव्या हाताने मारा करणारा वेगवान गोलंदाज चेंडू सोडताना डावा पाय रोवतो आणि शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार त्या पायावर येतो. बॅडमिंटनमध्ये रॅकेटच्या बाजूचा पाय सतत पुढे झेपावतो. दुखापत हे त्याहून मोठे कारण. पाय प्लास्टरमध्ये राहिला की मांडीचा पुढचा स्नायू झपाट्याने रोडावतो. प्लास्टर निघाल्यावरही माणूस नकळत चांगल्या पायावर रेलूनच उठतो-बसतो, त्यामुळे कमकुवत पायाला काम मिळतच नाही.

नुसत्या बैठका पुरेशा का नाहीत?

कारण दोन पायांच्या बैठकीत किंवा स्क्वॉटमध्ये सशक्त पाय गुपचूप जास्त भार उचलतो. वजन वर गेले, मोजणी पूर्ण झाली. पण कोणत्या पायाने किती काम केले ते कळत नाही. अशा सरावाने फरक कायम राहू शकतो.

फरक मोजायचा कसा?

क्रीडा प्रयोगशाळांत त्यासाठी आयसोकायनेटिक यंत्र असते. घरी भिंतीजवळ खुर्ची ठेवून, हाताचा आधार न घेता एका पायावर किती वेळा उठता येते हे मोजले तरी ढोबळ अंदाज येतो. गुडघ्याच्या एसीएल शस्त्रक्रियेनंतर खेळाडूला मैदानात सोडताना दुखावलेल्या पायाची ताकद दुसऱ्याच्या किमान ९० टक्के असावी, असा निकष सर्रास लावला जातो. यात एक मेख आहे. विश्रांतीच्या महिन्यांत ‘चांगला’ पायही अशक्त होतो. मोजपट्टीच आखूड झाली तर ९० टक्के गाठणे सोपे होते. त्यामुळे शस्त्रक्रियेआधीची मोजणी हाताशी असलेली बरी.

मग व्यायाम कोणता?

लंज, पायरीवर चढणे, मागचा पाय बाकावर ठेवून केलेला बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉट, एका पायाने लेग प्रेस. प्रकारापेक्षा क्रम महत्त्वाचा. सुरुवात कमकुवत पायाने करावी. तो आठ वेळांत थकला, तर सशक्त पायानेही त्याच वजनावर आठलाच थांबावे. जिममध्ये हेच सर्वांत जड जाते. कमकुवत पायाला हवा तर एक जादा सेट द्यावा. दोन पायांचे व्यायाम बंद करण्याची गरज नाही. सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा मोजावे. सांधा दुखत असेल, सुजत असेल किंवा पाय बधिर होत असेल, तर आधी डॉक्टर, मग व्यायाम.

याने दुखापत टळते का?

इथे संशोधकांत एकमत नाही. व्यावसायिक फुटबॉलपटूंवरील २००८ सालच्या एका अभ्यासात ४६२ खेळाडूंचा पूर्ण पाठपुरावा झाला. ज्यांच्या मांडीच्या स्नायूंतील असमतोल दुरुस्त केला गेला नाही, त्यांना हॅमस्ट्रिंगच्या दुखापतीचा धोका असमतोल नसलेल्यांपेक्षा चौपटीहून अधिक होता. पुढे कतारमधील मोठ्या अभ्यासात मात्र ताकदीच्या चाचणीचा या दुखापतीशी संबंध क्षीणच दिसला.

प्लास्टरमधल्या पायाचे काय?

त्या काळात दुसऱ्या पायाचा व्यायाम वाया जात नाही. एका अवयवाला सराव दिला की दुसऱ्या बाजूच्या अवयवाचीही ताकद काहीशी वाढते, हे येल विद्यापीठात १८९४ सालीच नोंदवले गेले. हा बदल मुख्यतः मेंदू आणि मज्जासंस्थेत होतो, असे मानले जाते. म्हणूनच अनेक फिजिओथेरपिस्ट प्लास्टर असतानाच मोकळ्या पायाचा व्यायाम सुरू करायला लावतात.